अंगचोर कोण?

दिवाळी अंकात दुखण्याचा विषय काढणे म्हणजे पंगतीत बसून औषधाची बाटली उघडण्यासारखे आहे, हे मला ठाऊक आहे. चकलीचा तुकडा मोडीत अंक चाळणाऱ्या वाचकाला कथा हवी असते, विनोद हवा असतो, फार तर राशिभविष्य हवे असते. पण मी ज्या दुखण्याविषयी लिहिणार आहे, ते फराळाच्या ताटाभोवतीच वावरत असते. इतकेच नव्हे, तर तेथे त्याचे कौतुक होते. म्हणून त्याचा हिशेबही येथेच मांडलेला बरा.

पाडव्याला किंवा भाऊबीजेला दहा-पंधरा माणसे जमली, की कोणत्याही घरात एक कार्यक्रम ठरलेला असतो. कोणाला पाढे म्हणावे लागतात, कोणाला गाणे. आणि एखादी आठ-नऊ वर्षांची मुलगी असते, तिला सांगितले जाते, "अगं, ते हाताचं करून दाखव की मावशीला!" मुलगी लाजत पुढे येते. अंगठा मागे वळवून मनगटावर टेकवते, बोटे उलटी करून हाताच्या पाठीवर झोपवते, आणि आग्रह झालाच तर पाय उचलून मानेमागे नेऊन ठेवते. मावशी म्हणते, "बाई गं, हाडं आहेत की रबर!" टाळ्या पडतात. आईला धन्य वाटते.

त्याच रात्री ती मुलगी गुडघे दुखतात म्हणून रडते. आता घराचा सूर बदलतो. "दिवसभर उड्या मारताना बरे दुखले नाहीत?" "उद्या घर आवरायला मदत करायची आहे ना, म्हणून आजच तयारी चाललीय." मग आजी आपल्या भाषेतला एक जुना, धारदार शब्द काढते : अंगचोर.

ही टाळी आणि हा टोमणा एकाच अंगाच्या वाट्याला, एकाच कारणामुळे येतात, आणि ते कारण समजून घेण्याची तसदी आपण घेत नाही. हीच माझी तक्रार आहे. जे अंग वाकते म्हणून आपण टाळी वाजवतो, तेच अंग वाकते म्हणून दुखते. यातली एक गोष्ट खरी मानायची आणि दुसरी खोटी, हा न्याय कुठला?

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली, मुलांना मराठी शिकवणारी आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारी बाई. वैद्यकाचा अधिकार माझ्याकडे नाही. परंतु वीस वर्षे वर्गात मुलांची बोटे, पाठी आणि गुडघे माझ्यासमोर आहेत. शिवाय असले ढिले सांधे मी स्वतः जन्मभर वापरते आहे. एवढ्या भांडवलावर हा वाद घालते आहे.

आधी सांध्याचे काय ते पाहू. सांधा म्हणजे दोन हाडांची भेट. ही हाडे आपापल्या जागी राहावीत म्हणून त्यांना चिवट पट्ट्यांनी बांधलेले असते. त्यांना अस्थिबंध म्हणतात, आणि त्यांचा मुख्य धागा म्हणजे कोलॅजन नावाचे प्रथिन. काही माणसांच्या या पट्ट्या जन्मतःच जास्त ताणल्या जाणाऱ्या असतात. दाराची बिजागरी सैल असली तर दार हवे त्याहून जास्त उघडते, हे खरे; पण ते कुरकुरते, चौकटीला घासते आणि वाऱ्याच्या झोताने आपटते. ते जागेवर राहावे असे वाटत असेल, तर कोणीतरी सतत हात लावून उभे राहावे लागते. शरीरात तो हात स्नायूंचा असतो. इतरांचे अस्थिबंध जे काम फुकटात करतात, ते ढिल्या सांध्यांच्या माणसाचे स्नायू दिवसभर मजुरी करून पार पाडतात. नुसते उभे राहणे, पेन धरणे, मांडी घालून अर्धा तास बसणे, या इतरांच्या दृष्टीने विश्रांतीच्या गोष्टी. या माणसाच्या दृष्टीने ते काम असते.

म्हणून दुखणे खेळताना येत नाही, नंतर येते. संध्याकाळ झाली, स्नायू थकले, की गुडघे, घोटे, पोटऱ्या, मनगटे बोलू लागतात. "खेळताना नाही दुखले?" हा आपला बिनतोड वाटणारा प्रश्न तेथेच फसतो. दिवसभर ओझे वाहिलेल्या हमालाला रात्री पाठ दुखली, तर "वाहताना नाही दुखली?" असे आपण त्याला विचारत नाही.

आणखी एक गोष्ट. हात कोठे आहे, पाय किती वाकला, ही खबर सांध्यांतून मेंदूकडे सतत जात असते. म्हणून तर आपल्याला अंधारातही घास तोंडात घालता येतो. ढिल्या सांध्यांच्या पुष्कळ माणसांत ही खबर अंधुक असते. अशी मुले दाराच्या चौकटीवर खांदा आपटतात, पाण्याचा पेला कलंडवतात, सपाट जमिनीवर पाय मुरगळून घेतात, आणि अंगचोर या पदवीच्या जोडीला धांदरट ही दुसरी पदवी मिळवतात. कोलॅजन केवळ सांध्यांत नसते. ते कातडीत असते, रक्तवाहिन्यांच्या भिंतींत असते, आतड्यांत असते. त्यामुळे काहींना जरासे आपटले तरी काळेनिळे डाग उठतात, काहींना एकदम उभे राहिले की चक्कर येते आणि छाती धडधडते, काहींचे पोट कायम बिघडलेले असते, आणि पुष्कळांना असा थकवा येतो की झोपेनेही तो उतरत नाही.

आता कोणी म्हणेल, "ही सगळी अलीकडची खुळं. आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही." आमच्या वेळी म्हणजे केव्हा? ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या नावावर चालत आलेल्या एका ग्रंथात शक लोकांच्या ओलसर, शिथिल अंगांचे वर्णन आहे. धनुष्य ओढण्याचे बळ यावे म्हणून ते आपल्या खांद्यांना डाग देत, असे त्यात म्हटले आहे. ते दोन हजार वर्षांपूर्वीचे झाले. डेन्मार्कचे एहलर्स यांनी १९०१ साली आणि फ्रान्सचे दांलो यांनी १९०८ साली ताणली जाणारी कातडी व सैल सांधे असलेल्या रुग्णांची वर्णने प्रसिद्ध केली. त्या दोघांच्या नावांनी रोगांचा एक मोठा गट आजही ओळखला जातो. १९६७ साली इंग्लंडमध्ये कर्क, अ‍ॅन्सेल आणि बायवॉटर्स या तिघांनी एरवी धडधाकट असलेल्या, पण केवळ सांधे ढिले असल्यामुळे दुखणे भोगणाऱ्या माणसांविषयी लिहिले आणि त्या अवस्थेला नाव दिले. तेव्हा आजीबाईंच्या वेळीही हे दुखणे होते. नव्हती ती फक्त ऐकून घेण्याची रीत. त्या वेळी घराघरांत एखादी काकू असे. तिच्या हातून भांडे सुटे, तिचा पाय उठता-बसता मुरगळे, आणि तिला सारे घर नाटकी म्हणे. तिची तक्रार कोणी लिहून ठेवली नाही म्हणून ती खोटी ठरत नाही.

बरे, हे ओळखणे फार अवघड आहे का? मुळीच नाही. १९७३ साली बायटन, सॉलोमन आणि सोस्कोल्न या संशोधकांनी आफ्रिकेतील त्स्वाना लोकांची पाहणी करताना आधीच्या एका पद्धतीत सुधारणा करून नऊ गुणांची एक तपासणी वापरली. आज जगभर डॉक्टर तीच वापरतात. तिला ना यंत्र लागते, ना सुई. हात मेजावर पालथा ठेवून करंगळी वर उचलली असता ती काटकोनाच्या पलीकडे गेली, तर एक गुण. दोन हातांचे दोन. मनगट वाकवून अंगठा हाताच्या आतल्या बाजूला टेकला, तर एक, दोहोंचे दोन. कोपर सरळ केल्यावर दहा अंशांहून अधिक उलट गेले, तर एक; दोहोंचे दोन. गुडघा तसाच मागे गेला, तर एक, दोहोंचे दोन. आणि गुडघे न वाकवता दोन्ही तळहात जमिनीला पूर्ण टेकले, तर शेवटचा एक. २०१७ सालच्या आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे वयात न आलेल्या मुलांत सहा, त्यापुढे पन्नाशीपर्यंत पाच आणि पन्नाशीनंतर चार गुण मिळाले, की सांधे सर्वसाधारणपणे ढिले समजायचे. वयाबरोबर अंग आखडते, म्हणून मोठ्यांना ही सवलत आहे.

याहून सोपी एक रीत आहे. हकीम आणि ग्रॅहम या डॉक्टरांनी २००३ साली पाच साधे प्रश्न सुचवले. गुडघे न वाकवता तळहात जमिनीला टेकतात का, किंवा पूर्वी कधी टेकत होते का? अंगठा हाताला टेकतो का, किंवा टेकत होता का? लहानपणी अंग वेडेवाकडे वळवून तुम्ही सवंगड्यांची करमणूक करीत होता का? लहानपणी किंवा ऐन वयात खांदा वा गुडघ्याची वाटी एकाहून अधिक वेळा निखळली होती का? आपले सांधे इतरांपेक्षा जास्त वळतात असे तुम्हाला वाटते का? दोन प्रश्नांना होकार मिळाला, की पुढे नीट तपासावे.

वाचकांनी यातला तिसरा प्रश्न पुन्हा एकदा वाचावा. आपण पाहुण्यांसमोर जे हौसेने करवून घेतो, तेच डॉक्टर लक्षण म्हणून विचारतात. मावशीची टाळी ही खरे तर तपासणीची पहिली पायरी होती; पण आपण टाळी वाजवून तेथेच थांबलो.

येथे एक आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे. "मग काय, अंग वाकणारं प्रत्येक पोर आजारी समजायचं?" नाही, अजिबात नाही. ढिले सांधे हा रोग नव्हे. मुलांत ते मोठ्यांपेक्षा जास्त आढळतात, स्त्रियांत पुरुषांपेक्षा जास्त, आणि आपल्या आशियातल्या माणसांत युरोपातल्यांपेक्षा जास्त. यांतल्या बहुतेकांना जन्मात कसलाही त्रास होत नाही. काहींना तर त्याचा फायदाच होतो. १९९३ साली अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात ६६० संगीतकारांची पाहणी प्रसिद्ध झाली. तीत असे आढळले, की मनगटे फिरवून वाद्य वाजवणाऱ्यांत ज्यांची मनगटे ढिली होती, त्यांना तेथे त्रास कमीच होता. पण ज्यांची पाठ ढिली होती आणि ज्यांना वाजवण्यासाठी तासन्‌तास ताठ राहावे लागे, त्यांच्या पाठीचे दुखणे जास्त होते. ढिला सांधा वळवायला मिळाला तर चालतो. त्याला एका जागी धरून ठेवायला सांगितले, की तो तक्रार करतो. म्हणून लवचीक मुलाला आजारी ठरवू नका, आणि लवचीक मूल दुखते म्हणाले तर त्याला खोटेही ठरवू नका, एवढेच माझे म्हणणे. या दोहोंमध्ये भरपूर जागा आहे, आणि शहाण्या माणसाने त्या जागेत उभे राहावे.

आता आमच्या शाळांकडे वळते, कारण घरातल्या आजीपेक्षा माझा राग माझ्याच व्यवसायावर जास्त आहे. "अंगठे धरून उभा राहा" ही आपल्याकडची परंपरागत शिक्षा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी केली; तरी ही शिक्षा अजून शिक्षकांच्या तोंडातून पुरती गेलेली नाही. ढिल्या सांध्यांचे मूल अंगठे चटकन धरते, वर तळहातही जमिनीला टेकवते. वर्ग हसतो. मास्तरांना वाटते, याला शिक्षा लागतच नाही, आणि ते मुदत वाढवतात. त्या मुलाचे गुडघे त्या वेळी कमानीसारखे मागे गेलेले असतात आणि पाठीच्या मणक्यांवरचा ताण वाढत असतो, हे मास्तरांना दिसत नाही. कारण त्यांना हवा होता तो अवघडलेला चेहरा, आणि तो रात्री घरी दिसणार असतो.

हस्ताक्षराची कथा याहून दुःखाची. वर्गात एखादे मूल पेन्सिल मुठीत आवळून धरते. बोटांची टोके उलटी वाकतात. पहिल्या पाच ओळी नीट येतात आणि सहावीपासून अक्षर गडगडत जाते. आम्ही वहीवर लाल शेरा मारतो : 'आळस. पुन्हा लिही.' पुन्हा लिहिणे हेच तर त्याचे दुखणे! त्या मुलाला जाड पेन्सिल द्या, मध्ये दोन मिनिटे हात मोकळा करू द्या, उतारा चार ऐवजी दोनदा लिहू द्या. यासाठी सरकारचा आदेश लागत नाही. २०१६ च्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार दिलेले आहेत. त्यांत या अवस्थेचे नाव नाही. म्हणून ज्या शिक्षकाला प्रमाणपत्राशिवाय दया येत नाही, त्याच्या वर्गात हे मूल निराधार असते.

कवायतीचा तासही असाच. खो-खोत धावता-धावता एकदम वळताना घोटा मुरगळला, लेझमीने मनगट भरून आले, तर 'सबब' असा शिक्का. येथे दोन चुका होतात, आणि दोन्ही सारख्याच घातक. एक, त्याला सक्तीने पळवणे. दुसरी, चिडून किंवा कीव करून त्याला कायमचे झाडाखाली बसवणे. बसवलेल्या मुलाचे स्नायू दुबळे होतात, आणि सांधे धरून ठेवणारा तो एकच हात, तोही जातो. या मुलांना मेहनत नको, असे मी म्हणत नाही. त्यांना इतरांपेक्षा जास्त मेहनत हवी. मात्र ती बेताबेताने वाढवलेली, न चुकता रोज केलेली आणि अंग धरून ठेवायला शिकवणारी हवी.

याच संदर्भात योगासनांच्या स्पर्धांविषयी बोलणे भाग आहे, जरी त्यामुळे काही वाचकांची मर्जी खप्पा होईल. २०१५ पासून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन झाला. २०२० साली केंद्र सरकारने योगासनांना स्पर्धात्मक खेळ म्हणून मान्यता दिली. योगाला माझा विरोध नाही; मी स्वतः रोज सकाळी घाम गाळते. विरोध आहे तो निवड करण्याच्या रीतीला. शाळेत पथक निवडायचे झाले, की शिक्षकाची नजर सर्वांत जास्त वाकणाऱ्या मुलावर जाते. म्हणजे ज्याचे अस्थिबंध आधीच ताणलेले आहेत, नेमके तेच मूल आणखी ताणण्यासाठी निवडायचे. त्याला पदक मिळते, शाळेचे नाव होते, फोटो छापून येतो. आणि पुढे ऐन तारुण्यात त्याची कंबर धरते, तेव्हा तो फोटो काढणारे कोणी जवळ नसते. पतंजलींनी योगसूत्रांत आसनाचे लक्षण सांगताना स्थैर्य आणि सुख या दोनच गोष्टी मागितल्या. पाय मानेमागे नेण्याची अट त्यांनी कोठेही घातलेली नाही. ढिल्या सांध्यांच्या मुलात उणीव असते ती नेमकी स्थैर्याची. त्याला योगशिक्षकाने सांगायला हवे, "बाळा, तू आणखी वाकू शकतोस हे मला माहीत आहे. तू अलीकडेच थांब, आणि तिथे अंग धरून ठेव." असे सांगणारे शिक्षक आहेत, मला ते भेटले आहेत. पण त्यांच्या पथकाला चषक मिळत नाही.

२०११ साली सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी आणण्याचे आदेश केंद्र सरकारला दिले. आपण सर्वांनी ते वाचून समाधानाने मान डोलावली. डोंबाऱ्याच्या पोराला दोरीवर चढवणाऱ्या बापाविषयी आपण अजूनही हळहळतो. परंतु त्या बापाच्या पाठीशी निदान पोटाची खळगी असते. आपल्या दिवाणखान्यातल्या खेळाला कोणती सबब आहे?

डॉक्टर मंडळींनाही यातून मोकळे सोडता येत नाही. पस्तिशीत, माळ्यावरचे पातेले काढताना माझा खांदा जागचा हलला. त्यापूर्वी पंधरा वर्षे घोटे, मनगटे, कंबर असे पाळीपाळीने दुखत होतेच. एका दवाखान्यात क्ष-किरणांचा फोटो काढला, रक्त तपासले, आणि सारे काही ठीक आले. डॉक्टर हसून म्हणाले, "बाई, तुम्ही लेखिका ना? कल्पनाशक्ती जरा जास्त आहे." पुढे तीन वर्षांनी दुसऱ्या गावी एका व्यायामोपचार करणाऱ्या तरुण मुलीने माझी करंगळी हळूच वर उचलली, मग अंगठा, मग कोपर, बोटांवर मोजले आणि म्हणाली, "ताई, नऊपैकी सात." त्या दिवशी मला बरे वाटले असे नव्हे, दुखणे होते तेवढेच होते. पण पंधरा वर्षे अंगावर वागवलेला खोटारडेपणाचा आरोप उतरला. त्या आरोपाचे ओझे सांध्यांच्या दुखण्यापेक्षा कमी नसते, हे ज्याने ते वाहिले आहे त्यालाच कळेल.

फोटो आणि रक्त ठीक आले, एवढ्यावरून दुखणे नाही असा निष्कर्ष काढणे हे तर्कशास्त्र नव्हे. या अवस्थेत ते बहुधा ठीकच येतात. २०१७ च्या वर्गीकरणात एहलर्स-दांलो गटाचे तेरा प्रकार सांगितले आहेत. त्यांतल्या ढिल्या सांध्यांच्या प्रकाराचा जनुक अजून सापडलेला नाही, त्यामुळे त्यासाठी रक्ताची खात्रीशीर परीक्षाही नाही. तेथे डॉक्टरांनी विचारायचे, ऐकायचे आणि करंगळी उचलून पाहायची. त्याला पाच मिनिटे लागतात. मात्र घरच्यांनीही एक भान ठेवावे. सांधा सुजला, गरम लागला, सकाळी उठताना तासभर आखडून राहिला, ताप आला किंवा मूल लंगडू लागले, तर ते ढिल्या सांध्यांवर ढकलून स्वस्थ बसू नये. तो संधिवात वा आणखी काही असू शकतो. खांदा वारंवार निखळत असेल, जखमांचे व्रण पातळ कागदासारखे पसरत असतील, किंवा घराण्यात हृदयाच्या मोठ्या रक्तवाहिनीचे अथवा डोळ्यातील भिंग सरकण्याचे दुखणे असेल, तर ते डॉक्टरांना न विचारताही सांगावे.

अशा अंगाबरोबर जगायचे कसे? अस्थिबंध घट्ट करणारे औषध नाही. तेलाने ते घट्ट होत नाहीत. नरकचतुर्दशीचे अभ्यंग सुखाचे असते, ते सुखासाठी जरूर घ्यावे. निखळलेला सांधा चौकातल्या हाडवैद्याकडून ओढून बसवून घेणे तर कटाक्षाने टाळावे. करायचे ते साधे आणि कंटाळवाणे आहे. जाणकाराकडून स्नायू बळकट करण्याचे व्यायाम शिकावेत आणि दात घासावेत तसे रोज करावेत. पोहायला मिळाले तर उत्तम; पाणी अंगाचा भार उचलते. उभे राहताना गुडघे मागे ताणून कुलूप घालू नये, किंचित सैल ठेवावेत. गमतीखातर सांधे उलटे करणे, बोटे मोडणे सोडावे. लहान मूल पाय दोन्हीकडे मागे टाकून, मध्ये बसकण मारून बसत असेल, तर न रागावता अधूनमधून त्याला बैठक बदलायला लावावी. उठताना आधी बसावे, मग उभे राहावे; पाणी भरपूर प्यावे. एक दिवस बरे वाटले म्हणून आठवड्याचे काम त्याच दिवशी उपसू नये, आणि एक दिवस दुखले म्हणून आठवडाभर अंथरूणही धरू नये.

आणि घरातल्यांनी काय करावे? चकल्या पाडताना सोऱ्या एकटीच्या हाती देऊ नये. चार हात आलटून-पालटून लावावेत. करंज्यांना मुरड घालणारी बोटे दुखतात म्हणाली, तर तिला तळणीजवळ उंच स्टूल द्यावे आणि लाटणे दुसऱ्याने घ्यावे. सुनेने "हात भरून आला" म्हटले की सासूबाईंनी आपल्या काळच्या पाच शेर भाजणीची गोष्ट सांगू नये. ढिले सांधे पुष्कळदा घराण्यातून चालत येतात. नातीचा अंगठा मनगटाला टेकत असेल, तर एकदा आजीचा, आईचा आणि आत्याचाही पाहावा. आयुष्यभर नाटकी ठरलेल्या एखाद्या आत्याचा हिशेब त्यात उशिरा का होईना, चुकता होईल.

अंगचोर म्हणजे काम टाळण्यासाठी अंग राखणारा. ज्याचे अंग उभे राहतानाही दुप्पट काम करते, त्याला हा शब्द लागू होत नाही. लागू होतोच, तर तो त्या अंगाकडून फुकट करमणूक करून घेऊन, रात्री त्याची मजुरी नाकारणाऱ्या आपल्याला होतो.

या दिवाळीत पाहुणे जमतील, मुले पुढे येतील. त्यांना गाणे म्हणायला सांगा, किल्ला दाखवायला सांगा, न सांगता काय करायचे ते करू द्या. अंग वळवून दाखवायला मात्र सांगू नका. आणि रात्री अंथरुणावर एखादे पोर "आई, पाय दुखतात गं" म्हणाले, तर दिवसभरातल्या उड्यांचा हिशेब काढू नका. "कुठे दुखतात?" एवढे विचारा, आणि ते सांगेल ते खरे धरून चाला.